थकलेले हप्ते, राहिलेली विवरणपत्रे आणि अमेरिकेचा सिक्युरिटी क्लिअरन्स

१ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ या काळात अमेरिकेच्या फेडरल सरकारचे कामकाज निधीअभावी बंद पडले आणि लाखो कर्मचाऱ्यांचे पगार अडकले. घरभाडे, गाडीचा हप्ता, मुलांचे पाळणाघर या चिंता होत्याच. पण संरक्षण आणि गुप्तचर खात्यांशी संबंधित कामे करणाऱ्यांना आणखी एक धास्ती होती. हप्ते थकले तर आपला सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती पाहण्याची सरकारी पात्रता, जाईल काय, अशी ती धास्ती. त्याच वर्षी ५ मेपासून थकीत विद्यार्थी कर्जांची सक्तीची वसुलीही सुरू झाली होती, जी २०२० पासून थांबवलेली होती. त्यामुळे कर्ज आणि सरकारी विश्वास यांचे नाते हा विषय अनेक घरांत अचानक जवळचा झाला.

भारतात वाढलेल्या माणसाला हे नाते जरा चमत्कारिक वाटते. बँकेचा हप्ता चुकला तर बँकेने काय ते बघावे. त्याचा देशाच्या गुपितांशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो बऱ्यापैकी काटेकोरपणे लिहून ठेवलेला आहे. शिवाय तो लोक समजतात तसा नाही. कर्जाच्या रकमेपेक्षा कर्जदाराच्या वागण्याकडे या व्यवस्थेचे लक्ष जास्त असते, आणि करांच्या बाबतीत तर ती इतर कोणत्याही देण्यापेक्षा कडक होते.

क्लिअरन्स म्हणजे नेमके काय

सरकारची गोपनीय माहिती पाहण्याची पात्रता एखाद्या व्यक्तीकडे आहे, असा सरकारने तपासाअंती दिलेला निर्वाळा म्हणजे सिक्युरिटी क्लिअरन्स. त्याच्या कॉन्फिडेन्शियल, सीक्रेट आणि टॉप सीक्रेट अशा तीन पायऱ्या आहेत. माहिती फुटली तर देशाचे किती नुकसान होईल, यावर कोणती माहिती कोणत्या पायरीवर जाते हे ठरते. हा क्लिअरन्स आपण होऊन मागता येत नाही. सरकारी खात्याला किंवा सरकारी कंत्राट असलेल्या कंपनीला तुमची त्या कामासाठी गरज असावी लागते आणि तिनेच तुमची प्रक्रिया सुरू करावी लागते. तो केवळ अमेरिकी नागरिकांनाच मिळतो. ग्रीन कार्ड असलेल्या व्यक्तीला अगदी अपवादात्मक स्थितीत मर्यादित परवानगी मिळू शकते, पण तिला क्लिअरन्स म्हणत नाहीत.

अशी पात्रता असलेल्या लोकांची संख्या चाळीस लाखांच्या घरात आहे. त्यांत सैनिक आणि हेर आहेत, तसेच सर्व्हर सांभाळणारे, हिशेब ठेवणारे आणि इमारतींची देखभाल करणारे लोकही आहेत. वॉशिंग्टनला लागून असलेल्या व्हर्जिनिया आणि मेरीलँड राज्यांत सॉफ्टवेअरची असंख्य कामे याच प्रकारची आहेत. तिथे स्थायिक होऊन नागरिकत्व घेतलेली मराठी मंडळी आणि त्यांची तिथेच जन्मलेली मुले या कामांत असल्यामुळे हा प्रश्न आपल्यालाही परका उरलेला नाही.

पात्रता ठरवण्याचे निकष १३ आहेत आणि ते जून २०१७ पासून सर्व खात्यांना एकसारखे लागू आहेत. परदेशी संबंध, मद्यपान, अमली पदार्थ, गुन्हेगारी वर्तन असे ते निकष इंग्रजी अक्षरांनी ओळखले जातात. त्यांतला 'एफ' हा निकष पैशांच्या व्यवहारांबद्दल आहे आणि क्लिअरन्स अडण्याच्या नेहमीच्या कारणांत तो फार वर येतो.

पैशाचा आणि गुपितांचा संबंध

यामागे दोन वेगळ्या शंका आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवलेल्या बऱ्या.

पहिली शंका सरळ आहे: अडचणीतला माणूस पैशासाठी काहीही करील. ती इतिहासातून आलेली आहे. रोनाल्ड पेल्टन हा अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत, म्हणजे एनएसएमध्ये, चौदा वर्षे काम केलेला कर्मचारी होता. १९७९ मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली, नोकरी सोडली आणि जानेवारी १९८० मध्ये वॉशिंग्टनच्या सोव्हिएत वकिलातीशी संपर्क साधला. त्याच्याकडे कागदपत्रे नव्हती, स्मरणशक्ती मात्र उत्तम होती. ओखोत्स्क समुद्राच्या तळाशी असलेल्या सोव्हिएत केबलवर अमेरिका गुपचूप कान लावून बसली होती. ही अत्यंत खर्चिक आणि यशस्वी मोहीम त्याने सुमारे ३५ हजार डॉलरना विकली. तो १९८५ मध्ये पकडला गेला आणि पुढच्या वर्षी दोषी ठरला. ३५ हजार डॉलर ही रक्कम पुन्हा वाचावी. देशद्रोहाची किंमत गुपिताच्या मोलावर ठरत नाही, विकणाऱ्याच्या गरजेवर ठरते.

सीआयएचा ऑल्ड्रिच एम्स एप्रिल १९८५ मध्ये सोव्हिएत संघाला मिळाला, तेव्हा तोही घटस्फोटाच्या खर्चाने आणि वाढत्या कर्जाने वाकलेला होता. पुढे परिस्थिती उलटली. वर्षाला सत्तर हजार डॉलरच्या आसपास पगार असलेल्या या माणसाने आर्लिंग्टनमध्ये ५ लाख ४० हजार डॉलरचे घर रोख घेतले आणि जॅग्वार गाडी चालवू लागला. त्याच्या कोलंबियन बायकोचे माहेर श्रीमंत आहे, अशी सहकाऱ्यांची समजूत होती आणि बराच काळ ती कुणी तपासून पाहिली नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये त्याला अटक झाली, तोवर त्याने उघड केलेल्या नावांपैकी अनेकांना सोव्हिएत संघात मृत्युदंड झाला होता. त्यानंतर १९९५ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी काढलेल्या कार्यकारी आदेशाने क्लिअरन्स घेणाऱ्याचे आर्थिक व्यवहार तपासण्याचे अधिकार पक्के केले. म्हणूनच 'एफ' निकषात कर्जाच्या जोडीला ज्याचा उगम सांगता येत नाही अशी श्रीमंतीही बसते.

दुसरी शंका जास्त सूक्ष्म आहे आणि रोजच्या प्रकरणांत तीच जास्त चालते. लग्नघरात दागिन्यांच्या खोलीची किल्ली कुणाकडे द्यायची, हे ठरवताना घरातली मोठी माणसे चोर कोण याचा विचार करत नाहीत. घेतलेली गोष्ट वेळेवर परत करणारा कोण आणि दरवेळी 'उद्या नक्की' म्हणणारा कोण, हे त्यांना ठाऊक असते आणि तेवढ्यावर किल्ली दिली जाते. अमेरिकी नियमही साधारण हेच म्हणतो. ऐपतीत न राहणे आणि घेतलेली देणी न फेडणे यांतून आत्मसंयमाचा, विवेकाचा किंवा नियम पाळण्याच्या तयारीचा अभाव दिसू शकतो, आणि जो आपले व्यवहार पाळत नाही तो गोपनीय कागद हाताळण्याचे कंटाळवाणे नियम तरी पाळील का, असा तो प्रश्न आहे. तुम्ही गुपित विकाल असा आरोप यात कुणीही करत नाही. क्लिअरन्स नाकारणे म्हणजे देशनिष्ठेवर शंका नव्हे, असे या प्रक्रियेच्या निर्णयांत वारंवार नमूद केलेले असते.

किती कर्ज म्हणजे जास्त कर्ज?

हा सर्वांत नेहमीचा प्रश्न आहे आणि त्याला आकड्यात उत्तर नाही. अमुक हजार डॉलरच्या वर कर्ज असेल तर क्लिअरन्स मिळणार नाही, अशी ओळ नियमात कुठेही नाही. क्रेडिट स्कोअरची किमान पातळीही ठरवलेली नाही. तपासनीस क्रेडिट रिपोर्ट जरूर मागवतात, पण त्यांना त्यातली खाती, थकलेल्या तारखा आणि वसुली कंपन्यांची नावे पाहायची असतात.

सहा लाख डॉलरचे घरकर्ज असलेला आणि ते महिन्याच्या महिन्याला फेडणारा माणूस या निकषात कुठेच अडकत नाही. उलट एखाद्याने तीन हजार डॉलरचे क्रेडिट कार्डाचे देणे चार वर्षे तसेच सोडले असेल, मधल्या काळात युरोपच्या सहली केल्या असतील आणि वसुली कंपनीचे फोन उचलले नसतील, तर ते तीन हजार त्याला महाग पडू शकतात. फेडण्याची ऐपत नसणे आणि ऐपत असून इच्छा नसणे यांची नियमात वेगवेगळी नोंद आहे, आणि माझ्या मते दुसरे जास्त गंभीर आहे, कारण त्याला परिस्थितीची सबब देता येत नाही.

बेकारी, धंद्यातली मंदी, अचानक आलेले आजारपण, जोडीदाराचा मृत्यू, घटस्फोट, सावकारी पद्धतीच्या कर्जात झालेली फसवणूक, कुणीतरी आपल्या नावाने काढलेली बनावट कर्जे, अशा माणसाच्या हाताबाहेरच्या गोष्टींची नियमात स्पष्ट दखल आहे. मात्र त्या वाक्याला दुसरा अर्धा भाग आहे आणि अर्जदार नेमका तोच विसरतात: अशा परिस्थितीत तुम्ही जबाबदारीने वागलात का? रुग्णालयाचे बिल ८० हजार डॉलर आले हा तुमचा दोष नाही. बिल आल्यावर तुम्ही रुग्णालयाला फोन केला का, हप्ते बांधून घेतले का, सवलतीचा अर्ज भरला का, आणि या साऱ्याचे कागद तुमच्याकडे आहेत का, हे तपासले जाते. ४३ दिवस पगार न मिळालेल्या कर्मचाऱ्यालाही हेच लागू आहे. बँकेला आधी कळवून हप्ता पुढे ढकलून घेतलेल्या व्यक्तीला सहसा घाबरण्याचे कारण नाही. तशी लेखी नोंद तिने जपून ठेवली म्हणजे झाले.

देणे जुने झाले की आपोआप मिटते, ही समजूतही घातक आहे. क्रेडिट रिपोर्टमधून बहुतेक थकबाक्या सात वर्षांनी निघून जातात आणि न्यायालयातून वसूल करण्याची मुदतही राज्याराज्यांच्या कायद्यांप्रमाणे संपते. बँका अशी खाती बुडीत म्हणून आपल्या वह्यांतून काढून टाकतात. यातल्या कशालाही क्लिअरन्सच्या दृष्टीने परतफेड मानत नाहीत, कारण नुसती वाट पाहून सुटका करून घेणे म्हणजे प्रामाणिक प्रयत्न नव्हे. बँकेने कर्ज माफ केलेच तर माफ झालेली रक्कम अनेकदा तुमचे उत्पन्न धरली जाते, त्याचा फॉर्म आयआरएसकडे म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याकडे जातो, आणि ती विवरणपत्रात दाखवली नाही तर कर्जाच्या प्रश्नातून कराचा प्रश्न उभा राहतो.

दिवाळखोरीचे काय? दिवाळखोरी हा कायद्याने दिलेला मार्ग आहे आणि तिच्यामुळे क्लिअरन्स आपोआप जात नाही. तीन ते पाच वर्षांचा हप्तेबंद परतफेडीचा प्रकार, ज्याला तिथे चॅप्टर थर्टीन म्हणतात, तो निमूटपणे पाळलेला असेल तर ती अर्जदाराच्या बाजूची गोष्ट ठरू शकते. कर्जे सरसकट रद्द करून घेतलेल्या माणसाला मात्र मुळात ती का झाली आणि पुन्हा का होणार नाहीत, याचे पटणारे उत्तर द्यावे लागते.

करांची गोष्ट निराळी का?

क्रेडिट कार्ड ही तुमची आणि बँकेची बाब असते. कर हा मात्र त्याच सरकारचा नियम असतो, ज्याची गुपिते तुम्ही सांभाळणार असता. वेळेवर विवरणपत्र भरणे हे प्रत्येक नागरिकाचे कंटाळवाणे, कुणी मागे न लागता करायचे काम आहे, आणि गोपनीय कागद कुलपात ठेवणे हेही अगदी तशाच जातीचे काम आहे. म्हणून करांबाबतची ढिलाई निर्णय अधिकाऱ्यांना विशेष खटकते.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, विवरणपत्र न भरणे आणि कर न भरणे. अमेरिकेत विवरणपत्राची नेहमीची तारीख १५ एप्रिल असते. मुदतवाढ मागितली तर ती १५ ऑक्टोबरपर्यंत मिळते. ही वाढ फक्त कागद भरण्यापुरती असते. पैसे एप्रिलमध्येच द्यायचे असतात, हे दरवर्षी कितीतरी जणांना नोटीस आल्यावर कळते. विवरणपत्र उशिरा भरल्याचा दंड थकीत कराच्या महिन्याला ५ टक्के आणि कमाल २५ टक्के असतो, तर नुसता कर उशिरा भरल्याचा दंड महिन्याला अर्धा टक्का असतो. म्हणजे पैसे नसताना लोक लाजेने किंवा भीतीने विवरणपत्रच भरत नाहीत, तेव्हा ते दहापट महाग रस्ता निवडतात. क्लिअरन्सच्या दृष्टीनेही तोच रस्ता वाईट आहे. पैसे नसले तरी विवरणपत्र वेळेवर भरावे आणि आयआरएसकडे हप्ते बांधून मागावेत. ५० हजार डॉलरपर्यंतच्या थकबाकीचे दीर्घ मुदतीचे हप्ते व्यक्तीला ऑनलाइनही ठरवता येतात. कर खात्याशी ठरवलेले हप्ते जो नियमाने भरत आहे, त्याच्या बाजूने एफ निकषात स्वतंत्र तरतूद आहे.

अनेकांना ठेच लागते ती वेगळ्याच ठिकाणी. समजा, एक इंजिनिअर आहे. त्याच्या पगारातून दर महिन्याला कर कापला जातो आणि तोही जरा जास्तच. वर्षअखेरीस त्यालाच परतावा मिळायचा असतो. घरात बाळ झालेले, घर बदललेले, आणि सरकारचे काही देणे तर लागत नाही, मग सावकाश भरू, असे म्हणता म्हणता दोन वर्षांची विवरणपत्रे राहून जातात. आयआरएस त्याला दंड करत नाही, कारण दंड थकीत करावर असतो आणि इथे थकीत काहीच नाही. तीन वर्षे उलटली तर परतावा तेवढा बुडतो. पण क्लिअरन्सच्या अर्जात प्रश्न विचारलेला असतो तो असा, की गेल्या सात वर्षांत कायद्याने आवश्यक असताना तुम्ही कर किंवा विवरणपत्र भरायचे चुकवले का? उत्तर 'होय' असेच द्यावे लागते. सरकारचा एक डॉलरही न बुडवलेला माणूस इथे अडचणीत येतो आणि त्याला ते अन्यायाचे वाटते. मला त्याची चिडचिड समजते, तरी नियमाची बाजूही समजते: नियम मोडून आपला तोटा होणार असेल तेव्हाच तो पाळणाऱ्याचा काय भरवसा?

विवरणपत्र भरले याचा पुरावा म्हणून घरातली प्रत पुरेशी धरली जात नाही. आयआरएसच्या संकेतस्थळावर प्रत्येक वर्षाचा खातेउतारा मिळतो. त्यात डावीकडे तीन आकडी संकेत, मध्ये तारीख आणि उजवीकडे रक्कम असते. १५० या संकेताची ओळ म्हणजे विवरणपत्र दाखल झाले, २७६ म्हणजे कर उशिरा भरल्याचा दंड, ८४६ म्हणजे परतावा दिला गेला. ज्या वर्षाच्या उताऱ्यात १५० ची ओळच नाही, त्या वर्षाबद्दल तोंडी सांगितलेले काहीही उपयोगी पडत नाही. विवरणपत्र आयआरएसला कधी पोचले, हेही त्याच कागदावर असते. गेल्या आठवड्यात घाईने भरलेली पाच वर्षांची विवरणपत्रे त्यावर स्वच्छ दिसतात.

आणि असा घाईचा भरणा का पुरत नाही, याचे कारण सांगायला हवे. क्लिअरन्स धोक्यात आल्यावर भरलेला कर म्हणजे भीतीपोटी पाळलेला नियम. तो न भरण्यापेक्षा नक्कीच चांगला. पण उद्या क्लिअरन्स हाती आल्यावर भीती गेली म्हणजे काय होईल, हे त्यावरून कळत नाही. म्हणून काही काळ सलग वेळेवर भरलेल्या विवरणपत्रांची माळ निर्णय अधिकाऱ्यांना पाहायची असते.

नवरा-बायकोच्या संयुक्त विवरणपत्राबद्दलही सावध राहावे. 'टॅक्सचे सगळे तेच बघतात' हे वाक्य आपल्या घरांत फार ऐकू येते. अमेरिकेत संयुक्त विवरणपत्रावर दोघांची सही असते आणि सगळ्या करासाठी दोघेही जबाबदार असतात. फसवल्या गेलेल्या जोडीदाराला त्यातून सुटण्याचा मार्ग कायद्यात आहे, पण तो अर्ज करून आणि सिद्ध करून मिळवावा लागतो.

अर्जात काय लपवता येते?

काहीही नाही, आणि प्रयत्नही करू नये. एसएफ-८६ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अर्जाचा २६ वा भाग पूर्णपणे पैशांबद्दल आहे. दिवाळखोरी, जुगारामुळे झालेली अडचण, कर, पोटगीची थकबाकी, न्यायालयाचे हुकूम, मालमत्तेवरचे बोजे, जप्त झालेली गाडी, पगारातून झालेली सक्तीची कपात आणि १२० दिवसांपेक्षा जास्त थकलेले कोणतेही देणे, या सगळ्याबद्दल त्यात विचारलेले असते. तपासनिसाच्या हाती क्रेडिट रिपोर्ट असतोच; इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही संस्थांचे रिपोर्ट अर्जदारालाही फुकट पाहता येतात, मग अर्ज भरण्यापूर्वी ते न पाहणे हा निव्वळ आळस झाला.

खोटे उत्तर दिले की प्रश्न पैशांचा राहत नाही. तो 'ई' या दुसऱ्या निकषात, म्हणजे सचोटीच्या निकषात जातो. सरकारला जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा फेडरल कायद्याने पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हाही आहे. दोन हजार डॉलरची थकबाकी समजावून सांगता येते. ती लपवण्याचा निर्णय समजावून सांगणे फार अवघड जाते.

पूर्वी टॉप सीक्रेटधारकाची फेरतपासणी पाच वर्षांनी आणि सीक्रेटधारकाची दहा वर्षांनी होई. आता तो काळ गेला. क्लिअरन्स असलेल्यांच्या नोंदी संगणकाद्वारे सतत तपासल्या जातात, आणि २०२१ पर्यंत संरक्षण खात्याने आपले सगळे क्लिअरन्सधारक या व्यवस्थेत आणले. थकबाकी क्रेडिट रिपोर्टवर उमटली की सूचना जाऊ शकते. त्याशिवाय दिवाळखोरी आणि १२० दिवसांवरची थकबाकी आपण होऊन कळवण्याचे बंधन आहे. टॉप सीक्रेटधारकाने तर वारसा, लॉटरी अशा मार्गाने अचानक आलेले १० हजार डॉलर किंवा त्याहून अधिक पैसेही कळवायचे असतात. गावाकडची जमीन विकून भावाने पाठवलेला वाटा यात सहज बसू शकतो.

भारतातल्या खात्यांचे काय?

मराठी घरांत हा प्रश्न हटकून निघतो. आईवडिलांनी सोयीसाठी मुलाचे नाव खात्यावर घातलेले असते, बँकेत एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या खात्यातली, ठेव असते, कधीकाळी उघडलेले पीपीएफ खाते असते. अमेरिकी नागरिकाला जगभरातल्या उत्पन्नावर अमेरिकेत कर लागतो. एनआरई ठेवीचे व्याज भारतात करमुक्त असले तरी अमेरिकेत ते उत्पन्न असते, आणि भारतात करमुक्त म्हणून ते विवरणपत्रातून सुटते. शिवाय परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदा जरी १० हजार डॉलरच्या वर गेली, तर एफबार नावाचे वेगळे निवेदन द्यावे लागते. आईच्या खात्यावर दुसरे नाव असणेही त्यात मोजले जाते, मग त्यातला एक रुपयाही तुमचा नसला तरी.

कंटाळा किंवा अज्ञान यातून राहिलेली ही निवेदने दुरुस्त करण्याचे रीतसर मार्ग आयआरएसने ठेवलेले आहेत. ज्यांना क्लिअरन्स लागणार आहे त्यांनी ते अर्जाच्या आधी, जाणकार करसल्लागाराच्या मदतीने पूर्ण करावेत. परदेशातली मालमत्ता हा परदेशी संबंधांच्या निकषाचाही विषय असल्याने तिच्याबद्दल अर्जात वेगळे प्रश्न असतात, आणि दोन्हीकडची उत्तरे जुळावी लागतात.

आक्षेप आला तर

कंत्राटी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी संरक्षण खात्याचे सुनावणी कार्यालय आहे, ज्याला डोहा म्हणतात. शंका उरली तर अर्जदाराला कारणांची लेखी नोटीस येते. तिची भाषा कोरडी असते. एक-अ, अमुक बँकेचे अंदाजे इतके डॉलर थकीत. एक-आ, अमुक वर्षाचे फेडरल विवरणपत्र भरलेले नाही. अशा क्रमाने प्रत्येक देण्याचे वेगळे कलम असते आणि प्रत्येकापुढे 'मान्य' की 'अमान्य' हे लिहून, शपथेवर, २० दिवसांत उत्तर द्यायचे असते. उत्तर न देणाऱ्याची प्रक्रिया तिथेच संपू शकते. सुनावणी मागता येते, नाहीतर कागदांवरच निर्णय मागता येतो. माझे मत सुनावणीच्या बाजूने आहे, कारण घटस्फोट किंवा आजारपण यांची हकिकत कागदावर फार पातळ होते. सैनिक आणि सरकारी कर्मचाऱ्यांसाठी प्रक्रिया काहीशी वेगळी आहे, निकष मात्र तेच.

न्यायाधीशासमोर पुराव्याचा भार कसा फिरतो, हे समजून घ्यावे. सरकारने क्रेडिट रिपोर्ट पुढे ठेवला की त्याचे काम बहुतांशी झाले. त्यानंतर शंका दूर करण्याची जबाबदारी अर्जदारावर येते. शंका उरली तर तिचा फायदा देशाच्या सुरक्षेला दिला जातो, अर्जदाराला नव्हे. फौजदारी खटल्याच्या नेमके उलट. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नौदल विरुद्ध ईगन या खटल्यात सांगितले, की क्लिअरन्स मिळण्याचा हक्क कुणालाही नाही.

त्याच वेळी, सगळे कर्ज फेडून या, अशी अट नसते. ही प्रक्रिया म्हणजे बँकांसाठी चालवलेले वसुली कार्यालय नव्हे, ही भूमिका डोहाच्या अपील मंडळाने अनेकदा घेतली आहे. झेपेल अशी योजना आणि तिच्यावर प्रत्यक्ष सुरू झालेली अंमलबजावणी दाखवता आली, तर बरेच देणे शिल्लक असूनही निर्णय बाजूने लागू शकतो. महिन्याला पन्नास डॉलर अशी किरकोळ रक्कम असली, तरी ती सलग दीड वर्ष गेलेली दाखवणारे बँकेचे उतारे, सुनावणीच्या आदल्या दिवशी दिलेल्या मोठ्या आश्वासनापेक्षा जास्त वजनदार ठरतात.

हे गरिबांवर अन्यायाचे नाही का?

आक्षेप खरा आहे आणि तो पूर्णपणे खोडता येत नाही. बापाच्या पैशावर शिकलेल्या मुलाला विद्यार्थी कर्ज नसते. पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या घरातल्या मुलीला असते. आजारपणाने कर्जबाजारी करणारी आरोग्यव्यवस्था ज्या सरकारच्या देशात आहे, तेच सरकार कर्जाबद्दल जाब विचारते, यात विसंगती आहे. कर्जात बुडालेल्या लोकांपैकी जवळजवळ कुणीही हेर होत नाही, हेही खरे. ४३ दिवस पगार स्वतःच रोखून धरणाऱ्या सरकारने थकलेल्या हप्त्यांकडे भुवया उंचावाव्यात, हे तर विनोदाच्या फारच जवळ जाते.

तरी नियम ज्या स्वरूपात लिहिलेला आहे, त्यात गरिबीला शिक्षा नाही. निदान कागदावर तरी परिस्थितीला पुरेशी जागा आहे. अडचण अंमलात येते. हप्ते बांधून घेणे, कागद जपणे, कर्जसल्ला देणाऱ्या विनानफा संस्थेकडे जाणे, नोटिशीला मुदतीत नीट उत्तर देणे, या गोष्टी ज्याला माहीत आहेत किंवा ज्याला वकील परवडतो, त्याला ही प्रक्रिया सोपी जाते. डोहाचे निर्णय नावे वगळून सर्वांसाठी ऑनलाइन प्रसिद्ध होतात आणि वकील न परवडणाऱ्याने आपल्यासारखीच चार-पाच प्रकरणे वाचली, तरी कोणते कागद लागतात याची चांगली कल्पना येते.

क्लिअरन्स नाकारला गेला, तर डोहाच्या प्रक्रियेत निर्णयापासून एक वर्षानंतर फेरविचार मागता येतो. त्यासाठी कंपनीचा पाठिंबा पुन्हा लागतो, आणि मूळ नोटिशीतल्या प्रत्येक कलमाचे त्या वर्षात काय झाले हे दाखवावे लागते. त्या वर्षात मध्ये एक १५ एप्रिल येऊन गेलेला असतो, आणि त्या वर्षाचा आयआरएसचा उतारा सोबत जोडायचा असतो.